‘नाही’ म्हणण्याआधी वाचून पाहणाऱ्या इन्स्पेक्टरसाहेबांस

आदरणीय साहेब,
सादर नमस्कार.

आपले नाव येथे लिहीत नाही, कारण ते आपल्याला रुचणार नाही. पण बडोद्याच्या मकरपुरा जीआयडीसी या औद्योगिक वसाहतीत प्रेशर व्हेसलची (आत दाब धरणाऱ्या धातूच्या टाक्यांची) कामे करणारे बरेच जण आपल्याला वर्णनावरूनच ओळखतील. आमची व्हेसल ग्राहकाकडे जाऊन उभी राहिली, बिलही निघाले, तरी आपले आभार मानायचे राहून गेल्याची रुखरुख काही जात नाही.

ग्राहकाला एस३२१०१ हे लीन ड्युप्लेक्स (दुहेरी रचनेचे, कमी निकेलचे) स्टेनलेस स्टील हवे होते. त्यात निकेल जेमतेम दीड टक्का असते, आणि ५ मिलिमीटरपेक्षा जाड प्लेटची किमान यील्ड (ज्या ताणाला धातू कायमचा वाकू लागतो तो) ४५० एमपीए, तर नेहमीच्या ३०४एल स्टेनलेसची १७०. म्हणजे शेल (टाकीचे कवच) पातळ होतो आणि वजनही वाचते. मात्र हे स्टील नेहमीच्या तक्त्यांतून नव्हे, तर एएसएमई या अमेरिकी इंजिनिअर-संस्थेच्या प्रेशर व्हेसल कोडमधील सेक्शन आठ, डिव्हिजन एकसाठी दिलेल्या कोड केस २४१८ च्या आधारे वापरायचे होते. एका सल्लागाराने आगाऊ फी घेऊन, ‘तक्त्यात नाही म्हणजे कोडमध्ये नाही’ असे लाल शाईत लिहून ड्रॉइंग परत पाठवले. दुसऱ्याने तर हसत हसत सुचवले की कागदावर ३१६एल हे नेहमीचे स्टेनलेस लिहून टाका, प्लेट कोण तपासतो! पहिल्याला वाचण्याचा कंटाळा होता. दुसऱ्याबद्दल न बोललेलेच बरे.

आपण आलात आणि आधी केसचा कागद मागितलात. केस म्हणजे मुळात एक प्रश्न आणि त्याला समितीने दिलेले उत्तर. त्या उत्तरात ‘वापरता येईल’ या शब्दांमागोमाग अटी येतात, आणि त्या सगळ्या पाळल्या तरच परवानगी खरी. आपण ओळीखाली स्केल धरून एकेक अट वाचलीत आणि प्रत्येकीपाशी थांबून विचारलेत, ‘याचा कागद आहे ना?’ जिथे कागद अजून यायचा होता, तिथे समासात पेन्सिलीने एक बारीक ठिपका दिलात. आमच्या ड्राफ्ट्समनने पेन पुढे केले, तेव्हा ‘राहू द्या, कागद आला की खोडायला बरे’ एवढेच म्हणालात. साहेब, लाल शाई पाहून खचलेल्या माणसांना त्या ठिपक्याने किती धीर दिला, हे आपल्याला ठाऊक नसेल. हे काम होणार, हे आपण गृहीत धरले होते, आणि तरीही एकाही अटीत सूट दिली नव्हती.

उत्तरे मात्र आपण कधीच पुरवली नाहीत. ‘डिझाइन तुमचे, मी फक्त विचारणार,’ ही मर्यादा आपण कसोशीने पाळलीत. अनुज्ञेय ताण केसमधल्याच तक्त्यातून घेतला आहे ना, केसची ही शेवटचीच आवृत्ती आहे ना, मधल्या काळात ती रद्द तर झाली नाही ना, ग्राहकाची लेखी संमती आहे ना, असे आपण विचारत गेलात. कमाल तापमानाच्या अटीपाशी तर आमच्या नव्या मुलाला थांबवून, ४७५ अंश सेल्सिअसच्या आसपास ड्युप्लेक्स ठिसूळ का होते, हे त्याच्याकडूनच वदवून घेतलेत. त्या मुलाला ‘अहो’ म्हणणारे आमच्या वर्कशॉपमध्ये आलेले आपण पहिलेच मोठे साहेब. अधिकार हाती असताना समोरच्याचा मान राखणे ही काही कोडमध्ये लिहिलेली अट नव्हे; ज्याला ते जमते तो ते घरून घेऊन येतो, आणि अशी माणसे असतात म्हणूनच आमच्यासारखी छोटी दुकाने सरळ मार्गाने चालू शकतात.

हायड्रोटेस्ट (पाण्याच्या दाबाची चाचणी) निर्वेध पार पडली. डेटा रिपोर्टवर केसचा क्रमांक ठळक लिहिला आहे. तो लपवण्याचे कारणच उरले नाही. दिवाळीत पाठवलेला मिठाईचा डबा आपण त्याच पावली परत केलात, म्हणून आभार असे जाहीरपणे मानावे लागत आहेत. पुढची चौकशी हीट एक्स्चेंजरची आहे आणि तिच्यातही एक केस येते आहे. अटींची यादी त्या मुलाने आतापासूनच करायला घेतली आहे.

आपला कृतज्ञ,
मकरपुऱ्यातील एक फॅब्रिकेटर