बाळूस

चि. बाळूस अनेक आशीर्वाद.

काल बोलता बोलता फोन ठेवून दिलास, म्हणून लिहिते. साहेबांबरोबर मुंबईला नव्या पक्षात प्रवेश करायला निघालायस, त्यावर मी काही बोलणार नाही. ऊसदराच्या आंदोलनातली तुझ्यावरची ती केस तेवढी ध्यानात ठेव.

तू भारतनाना भालकेंचा दाखला देतोस. खरंय. आमदारकीला 2009 ला स्वाभिमानी पक्षाकडून, 2014 ला काँग्रेसकडून, 2019 ला राष्ट्रवादीकडून. दरवेळी पक्ष वेगळा, आणि पंढरपूर-मंगळवेढ्यानं तिन्ही वेळा निवडून दिलं. पहिल्याच खेपेला विजयसिंह मोहिते पाटलांना पाडलं, उपमुख्यमंत्री राहिलेल्या माणसाला! पण माझं माहेर मंगळवेढ्याचं आहे रे. तिकडची 35 गावं वर्षानुवर्षं पाण्यासाठी भांडतायत. तिथं चिन्ह कोण बघतो? माणूस दारात येतो का, एवढंच बघतात. नाना निघाले की गावं त्यांच्यामागं निघायची. तुझ्यामागं कोण येणार? ती केस येईल. सरकारनं मागं घ्यायची म्हटली तरी कोर्टाची परवानगी लागते, वकिलांनी तुझ्यासमोरच सांगितलंय.

तुझे बाबा सांगोल्याचे, लाल बावट्याचे, म्हणजे शेतकरी कामगार पक्षाचे. त्याच पक्षाचे गणपतराव आबा देशमुख 1962 ला पहिल्यांदा आमदार झाले, एकूण अकरा वेळा निवडून आले, सगळ्या वेळा एकाच पक्षातून. 1972 ला पडले, 1995 ला पडले, तरी पक्ष सोडला नाही. बाबा असते तर... जाऊ दे. भाषण द्यायला बसले की काय मी! रागावू नकोस. दिवस वेगळे आहेत, मला कळतं.

परवा कपाट आवरलं. तुझी दोन पक्षांची दोन उपरणी निघाली. एकाचा रंग तुझ्या लग्नातल्या पांढऱ्या शर्टाला लागलाय, रिठ्यानं घासला तरी जात नाही.

सोलापूरच्या गड्ड्याच्या यात्रेत तू एका हरवलेल्या पोराला खांद्यावर घेऊन चौकीपर्यंत गेला होतास, शाळेत होतास तेव्हा. शेजारच्या काकू अजून सांगतात. लोकांची कामं तू करतोसच, ते मला कुणी सांगायला नको.

जायचं ठरलंच असेल तर स्टेजवर मागं उभा राहू नकोस. आणि गाडीत बसायच्या आधी साहेबांशी स्पष्ट बोलून घे: वकिलाची फी कोण देणार, आणि तारखेला तुझ्याबरोबर कोर्टात कोण येणार.

तुझी
आई