उद्दिष्टे आधी, गुण नंतर

मा. संपादक,

केंद्र सरकारी कर्मचाऱ्यांच्या वार्षिक कार्यमूल्यमापन अहवालात एक ते दहा गुण देण्याची पद्धत २००९ मध्ये आली. प्रत्यक्ष कामाला ४० टक्के भार, वैयक्तिक गुणविशेष आणि कार्यक्षमतेला प्रत्येकी ३०. आराखडा चांगला आहे. मोडतो तो उद्दिष्टांच्या रकान्यात. वर्षासाठी ठरलेली आठ-दहा उद्दिष्टे आणि त्यांपुढे काय साधले, हे कर्मचाऱ्याने स्वयंमूल्यांकनात लिहायचे असते. पण अनेक कार्यालयांत दोन्ही रकाने वर्ष उलटल्यावर, १५ एप्रिलची मुदत गाठताना, एकाच बैठकीत भरले जातात. जे झाले तेच उद्दिष्ट ठरते! मग प्रतिवेदन अधिकारी, म्हणजे गुण देणारा वरिष्ठ तरी कशाच्या आधारे मोजणार? तो सगळ्यांना सात-आठ देऊन मोकळा होतो. नऊ-दहा किंवा एक-दोन दिले तर ठोस कारणे लिहावी लागतात, तीही टळतात.

त्यात जुलै २०१६ पासून दहा, वीस, तीस वर्षांनंतरच्या आश्वासित प्रगतीसाठी (पदोन्नती नसली तरी मिळणाऱ्या वरच्या वेतनस्तरासाठी) किमान ‘अतिउत्तम’ शेरा, म्हणजे सहा गुण, लागतात. पाच दिले तर माणसाची वेतनवाढीची पायरी अडते, हे वरिष्ठालाही ठाऊक असते. त्यामुळे चारपासून सहाच्या आतली ‘उत्तम’ श्रेणी कागदावरच उरते. शिवाय पदोन्नतीसाठी सहा ते आठच्या आतले सगळे गुण सातच धरले जातात. ६.० आणि ७.९ यांत फरकच नाही. वर्षभर राबलेल्यावर हा उघड अन्याय आहे.

उपाय खर्चाचा नाही. एप्रिलच्या पहिल्या पंधरवड्यात उद्दिष्टे लेखी ठरवून कर्मचारी आणि प्रतिवेदन अधिकारी दोघांच्या सह्या घ्याव्यात. ऑक्टोबरमध्ये एकदा तपासून, बदली किंवा जादा कार्यभार आला असेल तर ती सुधारावीत. सह्यांचा हा कागद नसेल तर अहवाल प्रणालीने स्वीकारूच नये. ‘प्रकरणे वेळेत निकाली काढली’ असे मोघम वाक्य नको. आरंभीची शिल्लक, नवी आवक, निकाली, अखेरची शिल्लक आणि मुदत उलटलेली किती, हे पाच आकडे हवेत. मंजूर पदांपैकी किती रिकामी होती, तेही शेजारी लिहावे, नाहीतर चौघांचे काम ओढणारा एकटा आकड्यांत मागे दिसतो.

देवदत्त खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने २००८ मध्ये प्रत्येक शेरा कर्मचाऱ्याला कळवणे बंधनकारक केले. अहवाल हाती पडल्यापासून शेऱ्याविरुद्धच्या निवेदनाला १५ दिवस मिळतात. ‘मी मेहनती आहे’ एवढ्यावर निवेदन टिकत नाही. एप्रिलचा सह्यांचा कागद जोडता आला, तर निर्णय देणाऱ्यालाही आकड्यांवर बोलावे लागेल.

– एक निवृत्त आस्थापना अधिकारी, नागपूर