ग्वानोचा पैसा

पुणे

प्रिय दत्ता,

सप्रेम नमस्कार.

परवा फोनवर तू म्हणालास, "दक्षिण अमेरिकेचा सगळा इतिहास एका वाक्याचा आहे, गोऱ्यांनी लुटलं." तू घाईत होतास, मीही वाद वाढवला नाही. पण ते वाक्य तेव्हापासून डोक्यातून जात नाही. पेरू देशाचा एकोणिसाव्या शतकातला हिशोब मी बरेच दिवस जमेल तसा वाचतो आहे, आणि त्या हिशोबाला तुझं वाक्य पुरत नाही. म्हणून आज निवांत लिहायला बसलो.

पेरूच्या किनाऱ्याला लागून हम्बोल्टचा थंड प्रवाह वाहतो. त्यात मासळी अमाप, आणि ती खाणारे समुद्रपक्षी लाखोंनी. किनाऱ्यावर पाऊस जवळजवळ पडतच नाही. त्यामुळे चिंचा नावाच्या तीन छोट्या बेटांवर पक्ष्यांची विष्ठा हजारो वर्षं साचत राहिली आणि तिच्यातलं नत्र धुऊन गेलं नाही. काही ठिकाणी हे थर शंभर फुटांहून जाड होते. हाच ग्वानो. इंकांच्या काळापासून तिथले शेतकरी तो मक्याला घालत आले होते. १८४० च्या सुमारास त्याची पहिली जहाजं इंग्लंडला गेली, तिथल्या पिकांवर त्याचा गुण दिसला आणि मागणी एकदम उसळली. पुढच्या चाळीस वर्षांत एक कोटी टनांहून जास्त ग्वानो पेरूतून बाहेर गेला.

आता माझा मुद्दा. ही बेटं कुणा युरोपियन कंपनीच्या मालकीची नव्हती. ती पेरू सरकारची होती. लंडनची गिब्ज पेढी आणि तिच्यासारखे व्यापारी कमिशनवर माल विकत. त्यांनी आपली पोळी भाजून घेतली, आगाऊ रकमांवर व्याजही लावलं. पण विक्रीच्या रकमेतला निम्म्याहून बराच मोठा वाटा राजधानी लिमाच्या तिजोरीत पडत होता, असंच आर्थिक इतिहासाच्या अभ्यासकांचे हिशोब सांगतात. कच्चा माल विकणाऱ्या किती देशांना त्या काळी एवढा वाटा मिळाला असेल? याच देशाने १८२६ मध्ये लंडनच्या कर्जाचे हप्ते थांबवले होते, आणि आता त्याच बाजारात त्याची पत पुन्हा उभी राहिली.

त्या पैशातून एक काम खरंच मोठं झालं. १८५४ मध्ये, यादवी चालू असताना, बंडाचे पुढारी आणि माजी अध्यक्ष रामोन कास्तिया यांनी आधी आदिवासींवरची डोईपट्टी रद्द केली आणि वर्षाअखेरीस गुलामगिरी. स्पॅनिश राज्यापासून चालत आलेली ती डोईपट्टी स्वातंत्र्य मिळाल्यावरही सुटली नव्हती. ती सोडणं सरकारला परवडलं ते ग्वानोमुळे. सुमारे २५ हजार गुलाम मुक्त झाले. मालकांना माणशी ३०० पेसो भरपाई ठरली. मुक्त झालेल्या माणसाला मात्र काही नाही, ना जमीन, ना पैसा. हे वाचलं तेव्हा मी पुस्तक मिटून ठेवलं होतं.

आणि त्याच काळात बेटांवर खणत कोण होतं? काही कैदी होते, पण मुख्यतः चिनी मजूर. १८४९ ते १८७४ या काळात सुमारे एक लाख चिनी माणसं पेरूत आणली गेली, त्यातली बहुतेक पोर्तुगीजांच्या मकाव बंदरातून. करार आठ वर्षांचा. बरेचसे ऊस आणि कापसाच्या मळ्यांवर गेले. ज्यांच्या वाट्याला चिंचा बेटं आली त्यांची दशा सर्वांत वाईट. तोंडात, डोळ्यांत अमोनियाची भुकटी, रोजचा ठरलेला वजनाचा कोटा, तो भरला नाही तर फटके. कड्यावरून समुद्रात उड्या टाकून जीव देणाऱ्यांच्या नोंदी आहेत. एका हाताने गुलामगिरी संपवणारं राज्य दुसऱ्या हाताने ही भरती चालू ठेवत होतं, आणि दोन्हीचा खर्च ग्वानोच उचलत होता. याचं खापर एकट्या इंग्रजांवर फोडता येत नाही, दत्ता. चाबूक हाती असलेले मुकादम आणि ठेकेदार पेरूतलेच होते.

मग पैसा गेला कुठे? मोठा भाग फौजेवर आणि सरकारी नोकऱ्यांवर. आणखी एक वाट होती, तिची मला सर्वांत जास्त चीड येते. स्वातंत्र्ययुद्धात ज्यांचं नुकसान झालं त्यांचे दावे सरकारने भरून द्यायचे, असा कायदा १८५० मध्ये झाला. दिसायला न्याय्यच. पण एचेनिके अध्यक्ष असताना खोट्या सह्यांचे, बनावट पावत्यांचे दावे मंजूर होत गेले आणि थोड्याच काळात ही रक्कम दोन कोटी पेसोंच्या पुढे गेली. लिमातल्या मोजक्या घराण्यांच्या हातात भांडवल आलं ते असं. डोईपट्टी गेल्यावर खरं तर या धनिकांवर कर बसायला हवा होता. तो बसला नाही. १८६० च्या आसपास सरकारी उत्पन्नातला सुमारे पाऊण हिस्सा एकट्या ग्वानोचा होता. शेत तुकड्या-तुकड्याने विकायचं आणि येणाऱ्या पैशाला वर्षाचं उत्पन्न म्हणायचं, तसा हा प्रकार.

१८६९ मध्ये तीस वर्षांच्या अर्थमंत्र्याने, निकोलास दे पिएरोलाने, पॅरिसच्या ड्रेफस पेढीशी वीस लाख टनांचा करार केला. जुन्या दलालांना बाजूला सारण्याचा त्याचा हेतू मला पटतो. पण लगेच १८७० आणि १८७२ मध्ये येणाऱ्या ग्वानोच्या भरवशावर रेल्वेसाठी प्रचंड कर्जं उचलली गेली. अमेरिकन कंत्राटदार हेन्री मेग्ज अँडीजमध्ये रूळ चढवू लागला. ती मध्य रेल्वे समुद्रापासून ४,७०० मीटरच्या वर जाते, आणि अभियांत्रिकी म्हणून थक्क करणारी आहे. मात्र त्या चढावरून खाली आणायला पुरेसा माल तेव्हा नव्हता. चिंचा बेटांवरचे उत्तम थर तोवर खरवडून संपत आले होते. १८७६ मध्ये पेरूने कर्जाचे हप्ते थांबवले.

पुढचं तुला ठाऊक असेल. ग्वानोची जागा अटाकामा वाळवंटातल्या सोऱ्याने, म्हणजे नत्र असलेल्या खनिज क्षाराने, घेतली. बोलिव्हियाने १८७८ मध्ये आपल्या किनाऱ्यावर काम करणाऱ्या चिलीच्या कंपनीवर क्विंटलमागे १० सेंटाव्हो कर लावला. असा नवा कर लावणार नाही, हे वचन १८७४ च्या तहात दिलेलं होतं. कंपनीची मालमत्ता लिलावात निघणार होती त्याच दिवशी, १४ फेब्रुवारी १८७९ ला, चिलीचं सैन्य बोलिव्हियाच्या अंतोफागास्ता बंदरात उतरलं. बोलिव्हियाशी गुप्त तह केलेला पेरूही ओढला गेला. बोलिव्हियाचा समुद्र गेला, पेरूचा सोऱ्याचा तारापाका प्रांत गेला. आणि अखेर १८८९ च्या ग्रेस कराराने पेरूची रेल्वे ६६ वर्षांसाठी लंडनच्या रोखेधारकांकडे गेली. इथे तुझं वाक्य अगदी खरं आहे.

जिंकलेल्या चिलीचं तरी काय झालं? कित्येक वर्षं तिथलं निम्म्याच्या आसपास सरकारी उत्पन्न सोऱ्याच्या निर्यात करातून येत होतं. खाणमजुरांना पगार म्हणून कंपनीचे बिल्ले मिळत, ते चालत फक्त कंपनीच्याच दुकानात. ही रीत बंद करा म्हणून इकिकेला जमलेल्या संपकऱ्यांवर २१ डिसेंबर १९०७ ला सांता मारिया शाळेत सैन्याने गोळीबार केला, त्यात बायकापोरंही होती. आणि दोनच वर्षांत जर्मनीत फ्रिट्झ हाबरने हवेतल्या नत्रापासून अमोनिया करून दाखवला. तू आज उसाला जो युरिया घालतोस तो त्याच वाटेने आलेला. पहिल्या महायुद्धानंतर सोऱ्याचा बाजार हळूहळू ओसरत गेला.

मला तुझ्याकडून एका गोष्टीवर मत हवं आहे. तू सहकारात आयुष्य काढलंस, पैसा हाती आल्यावर मंडळी कशी वागतात ते जवळून पाहिलंस. कास्तियांनी मालकांना भरपाई दिली नसती तर गुलामगिरी तेव्हा सुटली असती का? मला वाटतं सुटली असती, कारण यादवीत त्यांना माणसं हवी होती आणि मालक तेवढे बलवान उरले नव्हते. इथले माझे एक मित्र ठामपणे उलटं म्हणतात. फोनवर नको, पत्रानेच लिही.

वहिनींना नमस्कार, मुलांना आशीर्वाद.

तुझा,
श्रीधर