अनंताची नवी जागा

चि. सोनूस,
अनेक आशीर्वाद.

तू गेल्यापासून सकाळी उठलो की आधी वाफ्याकडे जातो. अनंताची खालची पाच-सहा पानं पिवळी पडून गळली. टपोऱ्या झालेल्या कळ्याही गळाल्या. घाबरू नकोस, जागा बदलली की अनंत कळ्या टाकतोच. काल नखाने एक बारीक फांदी खरवडून पाहिली, सालीखाली हिरवं आहे. जीव धरून आहे तो.

तुझ्या कमरेबद्दल काही लिहायचं नाही असं ठरवून बसलोय.

त्या दिवशी अनंत हलवताना फावडं तुझ्या हातातून ओढून घेतलं, ते चुकलं. 'ठेव ते, तुझं काम नाही' असं मी म्हणालो आणि तू एक शब्द न बोलता आत गेलीस. जातानाही नीट बोलली नाहीस. तुला वाटलं, मुलगी म्हणून म्हणालो. अगं, मुळांभोवतीच्या मातीची ती हुंडी केवढी होती! दीड फूट रुंद, फूटभर खोल, आणि आदल्या दिवशी आपणच पोटभर पाणी दिलेलं. ओली माती घनफुटाला 45-50 किलो भरते. तू एकटी ती उचलायला वाकलीस आणि मला मागचं वर्ष दिसलं. तुला कूस बदलता येत नव्हती, आई उशी सरकवून द्यायची, ते सगळं.

पण त्या रात्री झोप लागेना. दादा वाकला असता तर त्याच्या हातातून ओढलं असतं का मी? त्याला 'जपून रे' म्हणालो असतो, एवढंच. म्हणजे तुझं अगदीच चूक नव्हतं. हे कबूल करायला मला चार दिवस लागले.

लव्हाळा तू काढलास तसा मी इतक्या वर्षांत कधी काढला नाही. मी आपला ओढत आलो. ओढला की पात हातात येते, गाठ खाली राहते, आणि गाठींची साखळी तुटली की एकेक गाठ वेगळी फुटते. तू खुरपं खाली घालून, माती बोटांनी चाळून एकेक गाठ वेचलीस. घमेलं भरलं. परवा वाफाभर नवे कोंब मोजले, चार निघाले. मी शंभर धरले होते. शेजारच्या काकांना बोलावून दाखवलं.

आता तुझ्याकडच्या गुलाबांना हात घालणार म्हणालीस. थंडी सरली की लगेच घाल, कोंब उघडायच्या आत. एकदा पालवी फुटली की झाडाला पानंही पोसायची आणि तुटलेली मुळंही भरून काढायची, दोन्ही जमत नाही. खड्डा हुंडीच्या दुप्पट रुंद घे, खोल मात्र तेवढाच. खोडावर मातीची जुनी खूण असते, ती नव्या जागीही मातीच्या पातळीलाच आली पाहिजे. खड्ड्यात खत टाकू नकोस, आधी मुळं धरू देत. आळं करून सावकाश भरपूर पाणी दे, नंतर माती बोटभर खाली सुकली की पुन्हा तसंच. रोज वरवर शिंपडलं तर मुळं वरच राहतात. पाचोळ्याचं आच्छादन दोन-तीन इंच, खोडापासून चार बोटं दूर. आणि हुंडी उचलायची नाही. खाली गोणपाट सरकवायचं, त्यावर कलती करायची आणि ओढत न्यायची. वाकायचं ते गुडघ्यात. पायाला मुंग्या येतात असं आईला सांगितलंस, मला नाही सांगितलंस. मुंग्या येतात म्हणजे शीर दबत असेल. ते अंगावर काढायचं दुखणं नाही, किती वेळा सांगायचं तुला?

बघ, पुन्हा तेच. माफ कर.

तू पाच वर्षांची असताना याच वाफ्यात घेवड्याचं बी पेरलं होतंस. रोज उकरून बघायचीस, रुजलं का. अण्णा सांगायचे, 'बाळ, झाकून ठेव त्याला.' तू झाकायचीस आणि दुपारी पुन्हा उकरायचीस. शेवटी एक बी उकरता उकरता तुझ्या हातातच मोड दाखवत बसलं, तेव्हा तू घरभर नाचलीस. हा अनंत अण्णांनीच लावलेला. जास्वंद वाढून त्याच्यावर सावली धरत गेली आणि मी बघत राहिलो, हलवला आणि मेला तर काय, म्हणून. दहा वर्षं नुसतं हेच म्हणत होतो. तू दोन दिवसांत हलवलास.

काल नवं फावडं आणलं, लांब दांड्याचं. जुन्याचा दांडा तुला आखूड पडत होता, म्हणून तू जास्त वाकत होतीस. हे तेव्हाच दिसायला हवं होतं मला. दांडा घासून गुळगुळीत केलाय, तेल लावून भिंतीला टेकवून ठेवलंय. जास्वंदीमागचा कोपरा मुद्दाम हात न लावता ठेवलाय, तो तूच खण.

डॉक्टरांची वेळ घेतलीस की दिवस तेवढा कळव. बाकी काही विचारणार नाही.

तुझा,
बाबा