आई-बाबा, आता पाय पुढे करा

प्रिय आई आणि बाबा,

तुम्हां दोघांना सप्रेम सलाम.

फोनवर माझं वाक्य पुरं होत नाही. बाबा "बरं बरं, बघू" म्हणतात आणि फोन आईकडे देतात, आई जेवलीस का विचारते, आणि विषय तिथंच राहतो. म्हणून लिहिते आहे. बाबा, हे आईला मोठ्यानं वाचून दाखवा आणि मधलं काही गाळू नका.

दोन गोष्टी ठरल्या आहेत. दादाशी आणि ताईशी बोलूनच ठरल्या, पण पुढाकार माझा, तेव्हा राग धरायचा तर माझ्यावर धरा. या हंगामाला आपलं वावर मक्त्यानं द्यायचं. विहिरीकडच्या धुऱ्याला लागून ज्यांचं वावर आहे, त्या काकांच्या मुलाला मी हो म्हटलं आहे. आणि पलीकडच्या गल्लीतली वहिनी येत्या सोमवारपासून सकाळ-संध्याकाळ आपल्याकडे येईल. पाणी भरणं, धुणं, झाडलोट, आणि आईचे पाय. तिचा पगार माझ्याकडून.

बाबा, वावर विकलेलं नाही. सातबारा तुमच्या नावावर आहे आणि तसाच राहील. मक्ता फक्त एका वर्षाचा, कागद करून. घरामागचा तुकडा तुमचाच आहे. वांगी, आंबाडी, सांबार (कोथिंबीर) जे लावायचं ते लावा, सकाळी ऊन चढायच्या आत. छातीत स्टेंट बसलेल्या माणसानं वैशाखात नांगरटीमागे फिरायचं नसतं, हे डॉक्टरांनी तुमच्यासमोर सांगितलं होतं. तुम्ही मान हलवली आणि घरी येऊन बियाण्याचा हिशोब मांडलात. तुम्हाला आधी विचारलं असतं तर तुम्ही नाहीच म्हटलं असतं, आणि तुम्ही एकदा नाही म्हटल्यावर मला पुढं जाता आलं नसतं. म्हणून ठरवून मग लिहिते आहे.

हे वावर तुमच्यासाठी नुसतं पोट भरायचं साधन नव्हतं, ते मला माहीत आहे. रविवारच्या शाळेत मी बायबलची वचनं पाठ केली, पण ती माणूस जगतो कशी ते या वावरात पाहिलं. मजुराची मजुरी सूर्य मावळायच्या आत द्या, तो गरीब आहे, त्याचं लक्ष तिच्याकडं लागलेलं असतं, असं अनुवाद या पुस्तकाच्या चोविसाव्या अध्यायात आहे. सारं गाव आठवडी बाजाराच्या दिवशी चुकारा करायचं आणि तुम्ही रोज संध्याकाळी, धुऱ्यावर उभं राहून. कधी कधी त्यासाठी उसने आणावे लागायचे. दवानं ओला आहे म्हणून कापसाच्या काट्यावर किलोभर कापायची रीत होती. तुम्ही कुण्या बाईचं कधी काही कापलं नाही. हरभरा काढला की कडेच्या ओळी तशाच उभ्या राहायच्या, आणि सरवा वेचायला आलेल्या बायांना हाकलायचं नाही ही सक्त ताकीद आम्हा पोरांना होती. लेवीय पुस्तकातली ही आज्ञा हजारो वर्षांपूर्वी दुसऱ्या देशातल्या शेतकऱ्यांना दिलेली. ती आपल्या काळ्या वावराला लागू आहे की नाही, यावर तुम्ही कधी वाद घातला नाही, पाळली.

आणि २०१७. त्या पावसाळ्यात फवारणीच्या विषबाधेनं आपल्या यवतमाळ जिल्ह्यात वीसहून जास्त माणसं गेली. त्यानंतर तुम्ही मजुराच्या पाठीवर पंप द्यायचं बंद केलं आणि स्वतः पाठीवर घेतला. "दुसऱ्याच्या लेकराला कसं पाठवू?" म्हणालात. बाबा, तुमचा तो प्रश्न मी विसरलेले नाही. पण मीही कुणाचं तरी लेकरू आहे, आणि तुम्ही पऱ्हाटीत पंप घेऊन उतरलात की नागपुरात माझं कामात लक्ष लागत नाही.

मक्त्यानं दिलं की हे सारं मोडेल, अशी भीती तुम्हाला वाटेल. म्हणून त्या मुलाशी मी नीट बसून बोलले. मजुरी त्याच दिवशी. सरवा अडवायचा नाही. फवारणी करायचीच तर हातमोजे, मुखपट्टी, चष्मा आणि अंगभर कपडे, वाऱ्याकडं तोंड करून मुळीच नाही, भर उन्हात नाही, आणि उपाशीपोटी तर नाहीच. हातमोजे-चष्म्याचे पैसे मी देते म्हटलं. तो म्हणाला, "बाबांच्या वावरात बाबांसारखंच करावं लागते ना ताई." त्यानं लहानपणापासून तुम्हाला पाहिलं आहे. तुम्ही धुऱ्यावर जाऊन बसा, चुकाऱ्याच्या वेळी हजर राहा, त्याला दोन गोष्टी सांगा. याकोबानं आपल्या पत्रात लिहिलं आहे ना, कापणी करणाऱ्यांची अडकवलेली मजुरी ओरडते आणि ते प्रभूच्या कानी जातं. तुमच्या वावरातून असं ओरडणं गेलं नाही, पुढंही जाणार नाही.

आता आई, तुझं.

ईस्टरच्या, पुनरुत्थानाच्या सणाआधीच्या गुरुवारी ड्यूटी संपवून मी उपासनेला गेले होते. योहानाचा तेरावा अध्याय वाचला. प्रभू येशू जेवणावरून उठतो, कमरेला रुमाल बांधतो आणि शिष्यांचे पाय धुवायला बसतो. हा भाग मी नेहमी धुणाऱ्याच्या बाजूनं ऐकत आले. नर्सचं काम करणारी दुसरं काय ऐकणार. त्या दिवशी मात्र पेत्र या शिष्यावर मन अडलं. तो म्हणतो, माझे पाय तू कधीच धुवायचे नाहीत. आणि प्रभू म्हणतो, मी तुला धुतलं नाही तर माझ्यात तुला वाटा नाही. पेत्र त्याच्या समजुतीप्रमाणं आदरानंच बोलत होता. आई, मला तू दिसलीस. मागच्या वेळी मी तुझे पाय हातात घेतले तर तू ओढून घेतलेस. "लेकीनं आईचे पाय धरायचे का? राहू दे."

तुझ्या पायांना आता पूर्वीसारखं कळत नाही. शुगरनं नसा बधिर होतात. टाचेत काटा शिरला तरी दुखत नाही, आणि दुखत नाही म्हणून माणूस चालत राहतो. हे मी पुस्तकातून सांगत नाही. शिकत असताना परतवाड्याजवळच्या कोठाऱ्याच्या कुष्ठरोग दवाखान्यात आम्हाला नेलं होतं. कुष्ठरोगातही नसाच बधिर होतात. तिथं माणसं आपले तळपाय रोज स्वतः तपासतात, ज्याला वाकता येत नाही त्याचे दुसरा कोणी तपासतो, आणि त्यात कोणाला लाज नाही. एका म्हाताऱ्या बाबांनी आम्हा पोरींसमोर पाय असे सहज पुढे केले की मला तो धडा औषधांपेक्षा जास्त लक्षात राहिला.

एकमेकांचे पाय धुवा ही आज्ञा पाळायची तर कोणाला तरी पाय पुढे करावे लागतातच. तुम्ही दोघांनी जन्मभर धुतले. बाळंतिणीला डिंकाचे लाडू, तापानं फणफणलेल्याच्या उशाशी रात्र, मयताच्या घरी पहिली भाकर आपल्याकडून. मत्तयाच्या पंचविसाव्या अध्यायातलं भुकेल्याला अन्न आणि आजाऱ्याची भेट हे तुम्ही केलं, आणि केलं म्हणून सांगितलं नाही. पण त्या अध्यायात प्रभू स्वतःला कुठं ठेवतो ते पाहा. वाढणाऱ्याच्या जागी नाही, भुकेल्याच्या जागी. तहानलेल्याच्या, आजाऱ्याच्या जागी. शोमरोनी बाईला विहिरीवर त्यानं आधी पाणी मागितलं, मग तिला शिकवलं. घेण्यात कमीपणा असता तर त्यानं घेतलं नसतं. माझा विश्वास आहे की तुम्हा दोघांच्या वयाला ही आज्ञा आता या बाजूनं आली आहे, आणि ती देण्यापेक्षा अवघड आहे. बाबांना तर फारच अवघड, मला ठाऊक आहे.

वहिनी परकी आहे, असं तू म्हणशील. आई, वधस्तंभावरून प्रभूनं आपल्या आईची सोय लावली ती आपल्या भावंडांकडं नाही, एका शिष्याकडं. आणि त्या वेळेपासून त्या शिष्यानं तिला आपल्या घरी ठेवलं. इतक्या वेदनेत प्रभूला आईचं पुढं कसं होईल ते सुचलं. मी तर धडधाकट आहे, नागपुरात बसले आहे, मला एवढं तरी करू दे. नोकरी सोडून येता येत नाही, घराचं कर्ज आहे, पोरांच्या शाळा आहेत. हे तुला माहीत आहे आणि तू कधी बोलूनही दाखवत नाहीस. त्यानं मला जास्तच लागतं. वहिनी सुईण-नर्स नाही, पण हात मऊ आहे, आणि मी तिला सारं दाखवून जाईन. तिचा मान ठेव. ती कामवाली म्हणून नाही, घरची म्हणून येईल. तिच्या पोराला दुपारी बाबांनी गणित शिकवलं तर तिलाही बरं वाटेल.

आठवतं का, शाळेतून चिखलात लडबडून आले की तू मला ओट्यावर बसवायचीस, परातीत कोमट पाणी घ्यायचीस आणि बोटांच्या मधली काळी माती काढता काढता शाळेत काय झालं ते विचारायचीस? मी मुद्दाम चिखलातून यायची. तेवढा वेळ तू फक्त माझी असायचीस, सयपाक नाही, ढोरं नाहीत, पाहुणे नाहीत. ते सुख तू मला दिलंस ना, मग कोणी तुला देत असेल तर घे गं माय.

आता सांगते ते नीट ऐका. पाय कोमट पाण्यानं रोज धुवायचे, पाणी आधी वहिनीनं कोपरानं बघायचं, तुझ्या पायानं नाही. बोटांच्या मध्ये कोरडं करायचं, तिथं तेल लावायचं नाही. तळवा उजेडात बघायचा. फोड, चीर, लालपणा दिसला की फोटो काढून मला पाठवायचा, हळद लावून वाट बघत बसायची नाही. अंगणातसुद्धा अनवाणी नाही. चर्चबाहेर चप्पल काढतेस, तिथली फरशी मे महिन्यात तव्यासारखी तापते, म्हणून मोजे घालून जायचं. कोणी हसलं तर हसू दे.

बाबा, रक्त पातळ करायची गोळी एक दिवसही चुकवायची नाही. संपत आली की चार दिवस आधी कळवा. रविवारी दुपारी तुम्ही आजाऱ्यांच्या घरी प्रार्थनेला जाता ते सोडू नका, तुमची वाट बघणारी माणसं आहेत. फक्त ऊन उतरल्यावर जा, आणि सोबत कोणीतरी असू द्या. आता वावराची धावपळ नाही म्हणून त्या प्रार्थनेला निवांत वेळ मिळेल, हेही मी मनात धरलं होतं.

कूलर दादा या आठवड्यात लावून देईल. पाणी भरताना आधी प्लग काढायचा, दर वेळी. संडासाची खुर्ची आली आहे, ती पाहुण्यांसमोर लपवून ठेवू नका.

पैशाचं एक. मी पाठवते त्यातून आई देवासाठी दशांश, म्हणजे दहावा भाग, काढते आणि वर चर्चच्या पत्र्यासाठीही देते, हे मला कळलं आहे. माझा दशांश मी इथं देते. हे पैसे औषधाचे आणि शुगरच्या पट्ट्यांचे आहेत, त्यातून काही काढायचं नाही. आई-बापाचा वाटा देवाला अर्पण केला म्हणून सांगणाऱ्यांना प्रभू काय बोलला ते मार्काच्या सातव्या अध्यायात आहे, बाबांकडून वाचून घे. पत्र्याचं मी पाळकसाहेबांशी वेगळं बोलते, दादा आणि मी मिळून देऊ. आणि पुढच्या वर्षी उपवासकाळात शुगर असताना उपवास धरायचा नाही. यशयाच्या अठ्ठावन्नाव्या अध्यायातला उपवास, भुकेल्याला आपली भाकर वाटणं, तो तू बारा महिने करतेसच.

मी फार हुकूम सोडते आहे, पण तुमच्याशिवाय माझं हक्काचं कोण आहे? रागावला असाल तर दोन दिवस रागवा, फोन मात्र उचला. मक्त्याचा कागद घेऊन दादा शनिवारी येईल. बाबा, तुम्ही पूर्ण वाचून, पटलं तरच सही करा. एखादी अट वाढवायची असेल तर कडेला लिहा, तो मुलगा मानेल. वहिनी सोमवारी सकाळी येईल. पहिल्या दिवशी तिला चहा कर, आई, आणि मग बस.

प्रभूमध्ये तुमची,
लहानी