पुरवण्या मोजणे थांबवा

मा. संपादक,
स.न.वि.वि.

इंग्रजी साहित्याचा पेपर सुटला की वर्गाबाहेर पहिली चौकशी असते, ‘किती पुरवण्या लावल्यास?’ काय लिहिलेस, हे कुणी विचारत नाही. बी.ए.चे हे पेपर वर्षानुवर्षे तपासले आहेत, म्हणून हे पत्र.

शेक्सपिअरच्या ‘मॅक्बेथ’ नाटकात मॅक्बेथ हा सरदार राजाचा खून करून गादी बळकावतो. त्यावर ‘मॅक्बेथच्या अधःपतनाला चेटकिणी कितपत जबाबदार आहेत?’ असा प्रश्न असला, तरी उत्तर सुरू होते शेक्सपिअरच्या जन्मापासून. १५६४, स्ट्रॅटफर्ड, एलिझाबेथ राणीचे सुवर्णयुग. (नाटक तिच्यामागून गादीवर आलेल्या पहिल्या जेम्सच्या काळातले, पण ते असो.) मग पाचही अंकांचे कथानक. ‘कितपत’चे उत्तर शेवटच्या ओळीपर्यंत सापडत नाही.

खरे तर पहिल्याच वाक्यात बाजू घेता येते. मॅक्बेथ राजा होईल एवढेच चेटकिणी सांगतात. खून कर, असे कुठेही म्हणत नाहीत. पुरावा त्याच प्रवेशात आहे. भाकीत ऐकताना त्याचा सोबती सरदार बँको शेजारीच उभा असतो. तुझे वंशज राजे होतील, असे त्यालाही सांगितले जाते, पण तो कुणाच्या जिवावर उठत नाही. मॅक्बेथच्या मनात मात्र खुनाचा विचार तिथेच डोकावतो, बायकोची भेट व्हायच्या आधी. आता दुसरी बाजू. चौथ्या अंकात तो आपल्या पायांनी चेटकिणींकडे जातो, आणि बर्नमचे रान चालून येईपर्यंत तुला धोका नाही, अशा भाकितांवर निर्धास्त होतो. इथे त्यांचा वाटा वाढतो, हे मान्य करून मोकळे व्हावे. अडीच-तीन पानांत हे सगळे बसते. लेडी मॅक्बेथ झोपेत चालते तो प्रवेश कितीही पाठ असला, तरी या उत्तरात त्याचे काम नाही.

मुलांना तरी किती बोल लावायचा? गठ्ठा उरकण्याच्या घाईत पाने चाळून गुण देणारे परीक्षक आहेत, आणि वर्षाआड तेच ‘व्यक्तिचित्रण करा’ विचारणारे प्रश्नकर्तेही. मग गाइड पाठ करणारा शहाणाच ठरतो.

इंग्लंडमधली परीक्षा मंडळे दर परीक्षेनंतर परीक्षकांचा अहवाल प्रसिद्ध करतात. मुले कुठे भरकटली, कोणत्या उत्तराने प्रश्न पकडला, हे त्यात उदाहरणांसह असते. आपल्या विद्यापीठांनी निकालाबरोबर असा चार पानी अहवाल काढावा आणि नाव-क्रमांक झाकून दोन उत्तरे गुणांसकट संकेतस्थळावर टाकावीत. त्यातले एक तरी उत्तर बिनपुरवणीचे निवडावे.

आपला,
इंग्रजीचा एक निवृत्त प्राध्यापक, सातारा