विलगीकरणाची टाकी मासे नसतानाही चालू ठेवा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या रविवार पुरवणीत घरगुती मत्स्यालयावर आलेला लेख मी आवडीने वाचला. नवे मासे थेट मोठ्या टाकीत न सोडता तीन-चार आठवडे वेगळ्या टाकीत ठेवावेत, असे लेखकाने सांगितले आहे आणि ते अगदी बरोबर आहे. पण माशांची एक तुकडी त्या विलगीकरणाच्या टाकीतून बाहेर पडली की दुसरी येईपर्यंत तिचे काय करायचे, याविषयी लेखात एकही ओळ नाही. वेगळे ठेवलेले मासे दगावतात ते पुष्कळदा याच काळातल्या हेळसांडीमुळे. म्हणून हे पत्र लिहिते आहे.

मी महाविद्यालयाच्या सूक्ष्मजीवशास्त्र प्रयोगशाळेत साहाय्यक होते. निवृत्तीनंतर नाशिकमधल्या आमच्या वसाहतीच्या वाचनालयातली चार फुटी टाकी माझ्याकडे सोपवली गेली. शाळा सुटली की मुले पुस्तक बदलायच्या आधी त्या काचेला नाक लावतात, त्यामुळे तिथे एक मासा कमी झाला तरी मला जाब द्यावा लागतो. विलगीकरणाची दोन फुटी टाकी मात्र माझ्या घरी, मागच्या गॅलरीत असते. तळाला वाळू नाही, दगड नाहीत. एक स्पंज फिल्टर, एक एअर पंप आणि माशांना लपायला मातीचे फुटके मडके, एवढेच. त्यात मासे नसले तरी बुडबुडे चालू असतात. येणारे जाणारे विचारतात, "मासेच नाहीत, मग वीज कशाला जाळता?" तीन वॉटचा पंप महिनाभर अखंड चालला तरी दोन युनिटांच्या आसपासच वीज लागते.

पंप चालू ठेवायचा तो स्पंजातल्या जिवाणूंसाठी. माशांच्या कल्ल्यांतून आणि विष्ठेतून अमोनिया पाण्यात येतो. नायट्रोसोमोनाससारखे जिवाणू त्याचे नायट्राइट करतात आणि नायट्रोस्पिरा त्या नायट्राइटचे बरेच कमी घातक नायट्रेट करतात. हे जिवाणू पाण्यात फारसे नसतात, स्पंजाला आणि काचेला चिकटून राहतात. त्यांची वाढही फार सावकाश होते. आमच्या प्रयोगशाळेतला ई. कोलाय अनुकूल स्थितीत २० मिनिटांत दुप्पट होतो. यांना दुप्पट व्हायला कित्येक तास, कधी दिवसही लागतो. म्हणूनच नवा फिल्टर नीट कामाला लागायला चार ते सहा आठवडे जातात. मासे काढले की यांचे अन्न बंद होते. काही दिवस ते तग धरतात, मग संख्या घटू लागते. पंपही बंद केला तर प्राणवायू संपतो, आणि स्पंज उन्हात वाळवला तर बहुतेक सगळे मरतात.

ओळखीच्या एका घरी हेच झाले. आधीचे मासे मोठ्या टाकीत गेल्यावर विलगीकरणाच्या टाकीचा पंप काढून ठेवला होता. पुढे नवे गोल्डफिश आणले, तेव्हा ताजे पाणी भरून त्यांना त्यातच सोडले. तिसऱ्या दिवशी मासे पाण्याच्या वर तोंड काढून धापा टाकू लागले. घरच्यांना वाटले, रोग आहे. त्यांनी मिथिलीन ब्लू घातले. हे औषध फिल्टरच्या जिवाणूंनाही मारते, त्यामुळे उरलासुरला आधारही गेला. मासे गेले, दोष दुकानदाराला लागला आणि त्या घरात आता सगळे म्हणतात की विलगीकरण म्हणजे थोतांड. खरे तर ते मासे अमोनियाने गुदमरले होते. अमोनिया मोजायचे साधे किट कुठल्याही बऱ्या दुकानात मिळते. ते वापरले असते तर कळले असते.

मग रिकाम्या टाकीत जिवाणूंना खायला काय द्यायचे? पुष्कळजण माशांच्या खाद्याची चिमूट टाकतात. ते कुजून अमोनिया होतो खरा, पण किती होतो याचा अंदाज येत नाही आणि पाणी गढूळ होते. मी नवसागर वापरते. कल्हईवाल्याकडचा नव्हे, प्रयोगशाळेच्या रसायनांच्या दुकानातला शुद्ध अमोनियम क्लोराइड. १०० मिलिलिटर पाण्यात ३ ग्रॅम विरघळवून बाटली भरून ठेवायची आणि तिच्यावर ठळक चिठ्ठी लावायची. या द्रावणाचे ५ मिलिलिटर ५० लिटर पाण्यात घातले की लिटरमागे साधारण १ मिलिग्रॅम अमोनिया होतो. आठवड्यातून दोनदा एवढे पुरते. २४ तासांनी अमोनिया आणि नायट्राइट दोन्ही शून्य आले की समजायचे, फिल्टर तयारीत आहे. मासे आणायच्या दोन दिवस आधी हे थांबवायचे, निम्म्याहून जास्त पाणी बदलायचे आणि मासे आत असताना या बाटलीला हातही लावायचा नाही.

याच काळात आणखी एक गोष्ट नजरेआड होते. अमोनियाचे रूपांतर होताना पाण्याची क्षारता, म्हणजे आम्ल शमवण्याची ताकद, खर्च होते आणि महिन्या-दोन महिन्यांत सामू (पीएच) घसरतो. तो ६ च्या खाली गेला की जिवाणू जवळपास काम थांबवतात. म्हणून रिकाम्या टाकीतलेही थोडे पाणी अधूनमधून बदलायला हवे. नुसती बाष्पीभवनाची भर घालून भागत नाही. गंगापूर धरणाचे पाणी आमच्याकडे नळाने येते आणि पावसाळ्यात त्याला क्लोरीनचा उग्र वास असतो. क्लोरीन घालवणारे हायपो (सोडियम थायोसल्फेट) घातल्याशिवाय ते पाणी स्पंजावर ओतू नये.

काही अनुभवी मंडळी टाकी 'चालू' राहावी म्हणून मॉली जातीची एखादी मासोळी कायमची त्यात ठेवतात. मला हे पटत नाही. पांढऱ्या ठिपक्यांचा परजीवी कल्ल्यांत थोड्या प्रमाणात दडून राहू शकतो आणि वरून मासा ठणठणीत दिसतो. अशा माशाशेजारी नवे मासे ठेवले तर विलगीकरण कोणापासून कोणाचे? शिवाय प्रत्येक तुकडीचे औषध त्या बिचारीला सोसावे लागते. उलट टाकीत मासाच नसला, तर या परजीवीची पोहणारी पिले यजमान न मिळाल्याने साधारण दोन दिवसांत मरतात. कोमट पाण्यात दोन-तीन आठवडे टाकी माशांविना ठेवली की त्याचा प्रश्न मिटतो. जिवाणूंना नवसागर मिळत असतोच, त्यामुळे फिल्टर मात्र शाबूत राहतो.

पण आधीच्या तुकडीत जखमा होऊन, खंगून मासे मेले असतील तर ही पद्धत चालणार नाही. माशांच्या क्षयाचे जिवाणू काचेवरच्या बुळबुळीत थरात टिकून राहतात, क्लोरीनलाही सहज दाद देत नाहीत आणि हाताला जखम असेल तर माणसाच्या त्वचेलाही त्रास देतात. अशा वेळी हातमोजे घालावेत, स्पंज फेकून द्यावा, टाकी घासून ब्लीचने धुवावी आणि कडक उन्हात पूर्ण वाळवावी. मग नवा स्पंज घेऊन सुरुवात करावी. यासाठीच मी एक जादा स्पंज वाचनालयाच्या टाकीत कायम बुडवून ठेवते. ज्यांच्याकडे वर्षाकाठी एखादीच तुकडी येते, त्यांनी तर फक्त हा जादा स्पंज ठेवावा आणि विलगीकरणाची टाकी कोरडी करून माळ्यावर ठेवावी, हे जास्त सोयीचे. एक पथ्य मात्र कडक पाळावे लागते: स्पंज मोठ्या टाकीतून विलगीकरणाकडे जातो, उलट कधीही नाही. जाळी आणि नळीही वेगळी. माझ्या जाळीच्या दांड्याला लाल नाडी बांधलेली आहे, म्हणजे माझ्या गैरहजेरीत कोणी मदतीला आले तरी घोटाळा होत नाही.

विलगीकरणाच्या टाकीचे पाणी नाल्यात वा नदीत ओतू नये आणि नकोसा झालेला मासा तर तिथे मुळीच सोडू नये. उजनीच्या जलाशयात सकर मासा मच्छीमारांच्या जाळ्यांत येतो, तो मूळचा शोभेच्या टाक्यांतलाच.

आता दोन मागण्या. आपल्याकडे येणारे रंगीत मासे बरेचदा चेन्नईच्या कोळत्तूर भागातून किंवा कोलकात्याहून, वाटेत अनेकांच्या टाक्यांतून फिरत येतात. दुकानदारांनी प्रत्येक टाकीवर त्यातले मासे कधी आले ती तारीख काचेवर लिहावी. खर्च एका पेन्सिलीचा आहे आणि कालच उतरलेले मासे कोणते, हे गिऱ्हाइकाला कळेल. दुसरी मागणी मत्स्यव्यवसाय विभागाकडे. २०२० पासूनच्या प्रधानमंत्री मत्स्य संपदा योजनेत परसातल्या शोभिवंत मत्स्यपालनासाठी अनुदान आहे, महिलांना ते ६० टक्क्यांपर्यंत मिळते. परदेशातून प्रजननासाठी येणाऱ्या वनामेई जातीच्या कोळंबीसाठी चेन्नईजवळ नीलांकराई येथे सरकारी विलगीकरण केंद्र आहे. म्हणजे या गोष्टीचे महत्त्व सरकारला ठाऊक आहे. मग कर्ज काढून परसात टाक्या मांडणाऱ्या बायकांच्या प्रशिक्षणात विलगीकरणाची टाकी आणि तिची दोन तुकड्यांमधली देखभाल प्रत्यक्ष हाताने करून शिकवली जावी. एका आजारी तुकडीने त्यांचे सगळे भांडवल बुडू शकते.

पुरवणीच्या लेखकांनी पुढच्या भागात या विषयाला चौकटीपुरती तरी जागा द्यावी. नवसागराचे वर दिलेले प्रमाण एखाद्या मत्स्यशास्त्राच्या अध्यापकांकडून तपासून घेऊन छापले तर उत्तमच.

आपली,
एक निवृत्त प्रयोगशाळा साहाय्यक, नाशिक